सोमवारच्या विहिणी

बस थेट चर्चच्या फाटकापाशी थांबत होती, पण भिंगरी एक थांबा आधीच उतरली. चालत जाऊ, तेवढाच वेळ मिळेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तो मिळालेला वेळ चर्चभोवती फेऱ्या मारण्यात घालवला. पहिल्या फेरीत मागच्या हॉलचं दार पाहून ठेवलं. दुसऱ्या फेरीत खिडकीतून आतली माणसं न्याहाळली. ओळखीचं कुणी दिसेना, तरी पाय आत वळेनात. शेवटी पायरीवर उभ्या असलेल्या एका दांडग्या म्हाताऱ्यानंच तिला हटकलं. "बाई, रस्ता चुकलात, की आमच्याकडेच आलात?" ते नक्की ठरेपर्यंत आत बसून चहा घ्यायला काही हरकत नाही, असंही तो म्हणाला.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती जेवतानासुद्धा एका जागी बसायची नाही, म्हणून वडिलांनी ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की लग्नाच्या पत्रिकेतलं खरं नाव वाचून निम्म्या नातेवाइकांनी विचारलं होतं, ही कोण? अशा चळवळ्या बाईनं काम मात्र बैठं पत्करलं. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या करायची. गुलाबी मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, ज्योतीवर सुरी तापवून मेण सारखं करायचं, वरचा जबडा खालच्यावर मिटवून बघायचा आणि चावा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा उघडायचा. मान वाकलेली ती दिवसभर वाकलेलीच. पन्नाशी उलटली आणि मानेनं सगळं वसूल केलं. खांद्यातून कळ निघायची ती बोटांपर्यंत जायची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कळ गेली, आणि कळीबरोबर तिची जन्मभराची भिरभिरही गेली. दुपारी खुर्चीत बसून नुसतं खिडकीबाहेर बघता येतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं. तिथेच ती फसली. मान बरी झाली, पण गोळ्या सुटेनात. एका डॉक्टरनं बंद केल्या की ती दुसरा गाठायची. एक औषधवाला ओळखू लागला की पलीकडच्या चौकातल्याकडे जायची. मधेच एखाद्या दिवशी मिळाल्या नाहीत, तर अंगात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं आणि ती घरातली कपाटं इकडची तिकडे ओढत बसायची.

मग एका दुपारी लॅबमध्ये तिचा डोळा लागला. ज्योत चालूच होती. मेणाचं भांडं उतू गेलं आणि टेबलानं पेट घेतला. शेजारच्या कारागिरानं ओला टॉवेल टाकला म्हणून निभावलं. मालकानं आरडाओरडा केला नाही. त्यानं दार लावून तिला समोर बसवलं आणि त्याचा स्वतःचा भाऊ जिथे जायचा तिथला पत्ता सांगितला. एका चर्चमागच्या हॉलमध्ये दर सोमवारी संध्याकाळी बैठक असते. दारू, गोळ्या, जुगार, राग, ज्याला जे सुटत नाही ते घेऊन तो तिथे येतो आणि देवासमोर, चार माणसांसमोर मांडतो. चर्च शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे हे ऐकूनच भिंगरीनं होकार दिला. तिच्या स्वतःच्या चर्चमध्ये नवरा गायनमंडळात होता, आणि तिथे कुणाला साधी सर्दी झाली तरी त्याच्यासाठी रविवारी जाहीर प्रार्थना व्हायची. घरी तिनं सांगितलं, मानेचे व्यायाम शिकायला जाते. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातली कुठली नदी कुठून निघून कुठे जाते हे त्याला तोंडपाठ होतं, पण बायको कुठे जाते हे विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. पायरीवरचा म्हातारा पूर्वी ॲम्ब्युलन्स चालवायचा, सगळे त्याला काका म्हणायचे आणि बैठक तोच चालवायचा. भिंगरीनं दाराजवळची खुर्ची धरली, मग तिथे वारा लागतो म्हणून दुसरी, मग तिथून दार दिसत नाही म्हणून तिसरी. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून चहाचा ट्रे घेऊन एक बाई आल्या, आणि भिंगरी चौथ्या खुर्चीसाठी उठता उठता परत खाली बसली.

त्या तिच्या विहीणबाई होत्या. तिच्या जावयाची आई.

या दोघींचं लग्नाच्या दिवसापासून जमलं नव्हतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं, पण विहीणबाई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होत्या आणि लग्नाच्या दिवशी त्यांनी टेबलावरच्या प्रत्येक चादरीची घडी बोटानं तपासली होती, हे भिंगरी विसरली नव्हती. ओठ मिटलेले, पदर जागच्या जागी, बोलणं मोजकं. नात झाली तेव्हाही त्या आल्या, पाळण्याशी हात मागे बांधून उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. भिंगरी घरी त्यांची नक्कल करायची आणि लेकीला सांगायची, "अगं, त्यांना माया करायची तर आधी इस्त्री करावी लागते."

विहीणबाईंनी तिला पाहिलं. ट्रेमधले कप एकदा किणकिणले, मग थांबले. त्या सगळ्यांना चहा देत देत तिच्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बसा. इथलं इथेच राहतं."

काकांनी प्रार्थना केली. मग नियम सांगितले. ज्यानं त्यानं आपल्याबद्दल बोलायचं, दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, आणि या दाराबाहेर इथला शब्द न्यायचा नाही. भिंगरीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली की तिची मान फार दुखते. कुणी काही विचारलं नाही. "थँक यू," काका म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. विहीणबाईंनी त्या दिवशी आपली पाळी सोडली.

तो आठवडा भिंगरीचा जीव टांगणीला लागला. लेक नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत होती आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा कामावर जाणार होती. नातीला भिंगरीनं सांभाळायचं, हे केव्हाच ठरलं होतं. त्यासाठी तिनं लॅबमध्ये अर्धवेळ काम मागून घेतलं होतं आणि भेटेल त्याला हे ऐकवलं होतं. आता लेकीचा फोन आला की ती आधी आवाज चाचपायची. विहीण काही बोलली का? लेक नातीला आलेल्या दाताबद्दल बोलत असायची आणि भिंगरी फोन या कानावरून त्या कानावर घेत खोलीत येरझारा घालत असायची. विहिणीच्या हातात आपलं नाक सापडलं, एवढंच तिला दिसत होतं. आणि त्या तिथे काय करत होत्या, हा प्रश्न मात्र तिला पडला नाही. चहा वाटायला येत असतील, चर्चच्या कामात तर त्या असतातच, असं ती धरून चालली.

पुढच्या सोमवारी ती गेली ती विहिणीवर नजर ठेवायला. आणि त्या सोमवारी विहीणबाई बोलल्या.

त्यांनी हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि जमिनीकडे बघत, कपड्यांचा हिशेब द्यावा तशा आवाजात सांगितलं. नवरा सोडून गेला होता, मुलगा लहान होता. मुलगा दूध सांडायचा, शाळेतून उशिरा यायचा, मुलं करतात ते सगळं करायचा, आणि त्या त्याला मारायच्या. हातानं, चपलेनं, लाकडी हँगरनं. मारून झालं की त्याचे कपडे धुवून कडक इस्त्री करून ठेवायच्या. एकदा मारता मारता त्याचा रडण्याचा आवाज थांबला आणि तरी त्यांचा हात थांबला नाही. शेजारणीनं दार तोडून त्याला उचलून नेलं. त्यानंतर त्या या खुर्चीत येऊन बसल्या, त्याला आता खूप वर्षं झाली. पुढे त्यांनी कधी हात उगारला नाही. मुलगा त्याबद्दल कधी बोलला नाही. सणावाराला भेटतो, नीट वागतो.

"मला नात झाली आहे," त्या म्हणाल्या. "तो तिला माझ्याकडे एकटी सोडत नाही. बरोबरच करतो. पण मला तिला एकदा आंघोळ घालायची आहे. एवढंच."

"थँक यू," काका म्हणाले.

भिंगरीला खुर्चीत बसवेना. बारशाचा दिवस तिच्या डोळ्यांसमोर आला. विहीणबाई पाळण्याकडे आल्या की जावई हातातलं काम टाकून मधे येऊन उभा राहायचा. त्या मागे बांधलेल्या हातांवर तिनं घरभर हशा पिकवला होता. तिला पाणी प्यायचं निमित्त करून उठावंसं वाटलं, पण उठली असती तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून ती नुसती पाय हलवत राहिली.

बैठक संपल्यावर ती कप विसळायला आत गेली. विहीणबाई पुसत होत्या. आधी विहीणबाईच बोलल्या.

"मान दुखते म्हणालात तुम्ही. मी तेवढंच ऐकलं आहे. पण हॉस्पिटलमध्ये राहून माणसांचे डोळे कळायला लागतात. बारशाला नातीला घेऊन खुर्चीत बसलात, तेव्हा तुमच्या हातातून ती घसरत होती. तुम्हाला कळलंही नाही."

"असं काही झालं नव्हतं."

"ती तुमच्याकडे यायच्या आधी लेकीला सांगा."

भिंगरीच्या अंगाची लाही लाही झाली. पोटच्या पोराला हँगरनं मारणाऱ्या बाईनं आपल्याला शहाणपण शिकवायचं, असं ती बोलून गेली. बोलली आणि जीभ चावली, पण शब्द सुटले होते. विहीणबाईंनी कप पुसून पालथा ठेवला.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "इथला नियम आहे, आणि तसंही माझं कोण ऐकणार? मुलगा म्हणेल, सांगणारी तू कोण? म्हणून तुम्ही सांगा."

भिंगरीनं सांगितलं नाही. तिनं ठरवलं, आपण गोळ्याच सोडू, म्हणजे सांगायला काही उरणारच नाही. दोन दिवस तिनं घरातली एकूण एक भांडी घासली, पडदे उतरवले, धुतले, ओलेच परत लावले. पाय बिछान्यात ठरेनात. नवऱ्यानं विचारलं, व्यायाम जरा जास्तच होतोय का? ती त्याच्यावर खेकसली आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ऑफिसात एक मीटिंग आहे, आज दुपारी बाळाला तुझ्याकडे ठेवू का, तेवढीच तिला सवय होईल. भिंगरीनं हातांकडे पाहिलं. हात थरथरत होते. अशा हातांनी बाळ कसं घ्यायचं? मग हात थांबावेत म्हणून तिनं गोळी घेतली. बहुधा एक आणखी घेतली.

लेक बाळाला सोडून गेली. रांगायला लागलेलं गुबगुबीत बाळ, समोर दिसेल ते तोंडात घालायचा त्याचा धडाका. भिंगरीनं जमिनीवर सतरंजी पसरली, चमचे-वाट्या दिल्या आणि स्वतः सोफ्याला टेकून बसली. हात थांबले होते. खिडकीतून ऊन येत होतं. सगळं कसं छान चाललं होतं.

तिला जाग आली ती कसल्याशा खडखडाटानं. बाळ सतरंजीवर नव्हतं. ते सोफ्यामागे बसलं होतं आणि त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी होती, तिच्या ॲप्रनच्या खिशातून निसटलेली. पट्टीची कड चावून ओली झाली होती.

भिंगरीनं बाळाला उचललं आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. लोकांच्या तोंडाच्या साच्यांवर तिचा जन्म गेला होता, पण त्या इवल्या हिरड्यांवरून बोट फिरवताना तिला काही म्हणता काही समजेना. गोळी नव्हती. पण गिळली असेल तर? पट्टीतली किती घरं आपण रिकामी केली? दोन की तीन? तिनं पट्टी उजेडात धरली, सतरंजी झटकली, सोफा ओढला. बाळ तिच्या खांद्यावर हसत होतं. तिला आठवेना. एवढी साधी गोष्ट तिला आठवेना.

तिनं फोन उचलला. तो लेकीला करायला हवा होता, पण तिची बोटं विहिणीच्या नंबरावर गेली. पलीकडून मशिनांची घरघर ऐकू येत होती. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाल्या, "पट्टी बरोबर घ्या. टॅक्सी करून आमच्या हॉस्पिटलला या आणि तिला झोपू देऊ नका. मी दारात उभी राहते."

त्या खरंच दारात उभ्या होत्या, लॉन्ड्रीच्या निळ्या कोटात. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, बोटाला कसलासा चिमटा लावला आणि सांगितलं, आत्ता तरी ठीक दिसतंय, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, झापड येते का ते बघावं लागेल. नर्सनं आईवडिलांना फोन केला. भिंगरी कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. एका फेरीत ती देवाकडे बाळासाठी मागायची, दुसऱ्या फेरीत लेकीला काय सांगायचं ते जुळवायची आणि तिसऱ्या फेरीत दोन्ही विसरायची. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. खाटेजवळ विहीणबाई होत्या. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला उचलून घेतलं.

नेमका त्याच वेळी जावई आला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तसाच, ग्रीसनं माखलेल्या कपड्यांत धावत आलेला. त्यानं बाळाला आईच्या हातात पाहिलं. त्यानं बाळ ओढून घेतलं.

"काय केलंस तिला?" तो आईला म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "काय केलंस?"

विहीणबाईंनी हात मागे बांधले. मागून लेक आली, तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि तिच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न उतरला.

भिंगरी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला सगळं ऐकू आलं. पुढे कितीतरी सोमवार ती तो क्षण सांगताना अडखळायची, कारण त्या क्षणी तिच्या मनात आलेलं तिला चांगलं आठवत होतं. आपण नुसतं गप्प राहिलो तरी भागेल. विहीण बोलणार नाही. ती गप्प राहील, स्वतःच्या जुन्या चुकीचा मार खाल्ल्यासारखी. आणि सगळे तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, माझ्यावर ठेवतील.

तिचे पाय आपोआप निघाले होते, पण कुठल्या बाजूला, हे तिला दोन पावलं टाकल्यावर कळलं.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "मी. माझ्या गोळ्या होत्या. मला झोप लागली. मी खूप दिवसांपासून घेते आहे." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "त्यांनीच मला इथे यायला सांगितलं."

जावई आईकडे बघत राहिला. लेक भिंगरीकडे. बाळानं मात्र बापाच्या गालावरचं ग्रीस बोटाला लावून घेतलं आणि ते तोंडात घालायला निघालं, तेव्हा चौघांनीही एकदम त्याचा हात धरला.

बाळाला काही झालं नाही. त्यानं गोळी गिळलीच नव्हती, असं डॉक्टरीणबाई संध्याकाळी म्हणाल्या. पण लेकीनं आईशी बोलणं टाकलं. नातीला त्यांनी पाळणाघरात घातलं. भिंगरीनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला आणि मग म्हणाला, म्हणजे व्यायाम नव्हताच. पुढच्या सोमवारी तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला आणि बैठक संपेपर्यंत बसथांब्यावर बसून राहिला.

त्या सोमवारी ती मानेबद्दल बोलली नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवायचं ठरवलं, आणि प्रत्येक उतरणीला तिच्या अंगात पुन्हा वारूळ फुटायचं. बैठकीत ती खुर्चीत बसून गुडघे हलवायची, उठून भिंतीला टेकायची, पुन्हा बसायची. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. एकदा ती घसरली. दुसऱ्या औषधवाल्याकडे जाऊन आली आणि दोन सोमवार तोंड लपवून राहिली. तेव्हा विहीणबाई घरी आल्या. त्या आत आल्या नाहीत, दारातच म्हणाल्या, "मी बसनं जाणार आहे. येता का?" भिंगरीनं चपला घातल्या.

मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. बसमध्ये त्या शेजारी बसायच्या आणि भिंगरी बडबडायची, विहीणबाई ऐकायच्या. घड्या तपासायची त्यांची खोड सुटली नाही आणि भिंगरीला ती अजूनही खुपायची. हँगरबद्दल ती जे बोलली होती त्याची माफी तिनं बसमध्ये मागितली. त्यावर विहीणबाईंनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, धूळ येते.

लेकीचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी, आणि तोही कामापुरता. पाळणाघर शनिवारी बंद असतं आणि आता तिला शनिवारीही कामावर जावं लागणार होतं. जावई घरी असेल, पण त्याला दुपारी दोन तास बाहेर पडावं लागतं. मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. तो म्हणतो, दोघी असाल तर चालेल. एकटी कुणीच नाही. तू एकटी नाही, त्या एकट्या नाहीत. दोघी.

"म्हणजे आम्ही एकमेकींवर पहारा ठेवायचा," भिंगरी म्हणाली.

"हो," लेक म्हणाली. ती हसली नाही, पण तिनं फोनही ठेवला नाही.

पहिल्या शनिवारी दोघी वेळेच्या आधीच पोचल्या. भिंगरीनं पर्स उघडून जावयासमोर टेबलावर ओतली. त्यानं तिकडे बघितलं नाही, पण तिला थांबवलंही नाही. विहीणबाई बाह्या वर करून उभ्या होत्या. जावयानं बाळाच्या आंघोळीचा टब कुठे आहे ते सांगितलं, पाणी कोपरानं बघायचं ते सांगितलं, साबण डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही ते सांगितलं. टॉवेल कुठे आहे ते त्यानं दोनदा सांगितलं. मग चप्पल घालून बाहेर गेला.

दार लागलं. पण जिन्यावर पावलं वाजली नाहीत. तो दाराबाहेर उभा होता.

दोघी विहिणी न्हाणीघरात टबाशी बसल्या होत्या. भिंगरीनं बाळाला काखांखाली हात घालून धरलं होतं, ते पाण्यावर हात आपटत होतं. विहीणबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं होतं आणि ओंजळ तशीच हवेत होती. बोटांतून पाणी गळून चाललं होतं. भिंगरीच्या पायात कळ आली होती, उठून एक चक्कर मारावी असं तिला अनावर वाटत होतं, पण ती जागची हलली नाही.

"घाला," ती हळूच म्हणाली. "थंड होईल."

विहीणबाईंनी पाणी बाळाच्या पाठीवर सोडलं. बाळ दचकलं, मान वळवून त्यांच्याकडे पाहू लागलं आणि खिदळलं. तो आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. मग जिन्यावर एक पाऊल वाजलं, थांबलं. मग दुसरं. मग तो सावकाश, पायरी पायरी करत खाली उतरत गेला.